दुकानात कोणी वस्तू लपवताना दिसलं तर काय करायचं

हे मी काउंटरवर आणि रॅकमध्ये उभं राहणाऱ्यांसाठी लिहितेय. मालकांनीही वाचावं. पण मालक बहुतेक वेळा नंतर फुटेज बघतात आणि त्या क्षणी समोर आपण असतो. समोरचा माणूस पुष्कळदा ओळखीचा असतो. तो आपल्याच वस्तीत राहतो, त्याची मुलं आपल्या मुलांबरोबर खेळतात. म्हणून चोर पकडायचा कसा, एवढं शिकून आपलं काम भागत नाही.

माझं मत आधीच सांगते. गरजेपोटी उचललेली वस्तू दाराबाहेर जायच्या आत पुन्हा रॅकवर किंवा काउंटरवर येऊ शकेल, अशी सोय आपण करायची. आपल्या हातात जे काही आहे ते दाराच्या आत आहे. दार ओलांडलं की मालक, पोलीस, कॅमेरा, बघ्यांची गर्दी असे सगळे मध्ये येतात आणि आपला शब्द कुणी ऐकत नाही.

चोरीच झालीय ना, हे आधी बघा

मोजणीत माल कमी भरला की पहिल्यांदा तोंडात 'चोरी' येतं. तो शब्द थोडा मागे ठेवा. पुरवठादाराने खोकं कमी भरलेलं असतं आणि चलनावर आपण पूर्ण सही केलेली असते. घाईत एकाच प्रकारचा बारकोड दोनदा मारून दोन वेगळ्या प्रकारचा माल दिलेला असतो. मग एकाचा साठा जास्त दिसतो आणि दुसऱ्याचा कमी. फुटलेला, मुदत संपलेला माल नोंद न करता टाकून दिलेला असतो. आणि आतल्याच कुणी नेलेला असतो, हेही घडतं. या सगळ्या तुटीला व्यापारात 'श्रिंकेज' म्हणतात आणि दुकानातली चोरी हा तिचा फक्त एक भाग आहे.

संशय असलेला एकच रॅक निवडा. उघडताना आणि बंद करताना त्यावरचे नग मोजा, विक्रीशी ताळा घाला, आठवडाभर हे करा. चोरीच्या खुणा वेगळ्या असतात: मागच्या रांगेत खोचलेलं रिकामं खोकं, उपटलेला टॅग, महागड्या वस्तूवर स्वस्त वस्तूचं स्टिकर. खुणा नसतील आणि आकडा तरी चुकत असेल, तर आधी कागद तपासा. गिऱ्हाइकांकडे नंतर बघा.

कपडे बघू नका, हात बघा

मळके कपडे, झिजलेली चप्पल, हातात मोठी पिशवी असा माणूस आत आला की आपल्यातलं कुणीतरी त्याच्या मागे मागे फिरायला लागतं. हे अन्यायाचं आहे आणि निरुपयोगीही आहे. सगळ्यांची नजर आपल्यावर आहे हे त्या माणसाला दाराशीच कळलेलं असतं. तो हात आखडून घेतो, घाईने दोन वस्तू घेतो आणि निघून जातो. तेवढ्या वेळात दुसऱ्या टोकाला नीटनेटके कपडे घातलेलं जोडपं अख्खी रांग रिकामी करू शकतं.

विकण्यासाठी चोरणारे लोक वेगळे वागतात. ते किंमत बघत नाहीत. कॅमेरा बघतात, आपण किती जण आहोत ते बघतात, बाहेर जायची वाट बघतात. दोघं-तिघं वेगवेगळे आत येतात. एक जण आपल्याला लांबलचक प्रश्न विचारत राहतो, तेव्हा दुसरा हात चालवतो. ते एकाच मालाचे पुष्कळ नग घेतात. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये अशा मालाचे सहा गुण मांडले: लपवता येतो, उचलून नेता येतो, हाताशी असतो, मोलाचा असतो, हवासा वाटतो आणि पटकन विकला जातो. ब्लेडची पाकिटं, लहान बाळाच्या दुधाची पावडर, अत्तरं, बॅटऱ्या, औषधी मलमं यात बसतात.

याच यादीतल्या काही वस्तू अगदी नडलेली माणसंही उचलतात, म्हणून वस्तूवरून माणूस ओळखता येत नाही. बाळाच्या दुधाचा एक डबा पदराखाली गेला आणि दहा डबे मोठ्या बॅगेत गेले, या दोन घटना एकसारख्या हाताळू नका.

गरजेची चोरी कशी असते ते सांगते, कारण ती ओळखता आली तरच वेळेवर बोलता येतं. नग एकच असतो, बहुतेक वेळा सगळ्यात लहान किंवा सगळ्यात स्वस्त. तो हातात घेऊन किंमत वाचलेली असते, परत ठेवलेला असतो, दुकानात एक फेरी मारून पुन्हा घेतलेला असतो. टोपलीत दुसऱ्या वस्तू असतात आणि त्यांचे पैसे तो माणूस प्रामाणिकपणे देतो. लपवलेली असते ती चौथी वस्तू, पैसे पुरत नाहीत तिथली. साबण, सॅनिटरी पॅड, डायपर, दुखण्याच्या गोळ्या, खाण्याचं काहीतरी. पगाराच्या आधीच्या दिवसांत हे वाढतं. वस्तीतला एखादा कारखाना बंद पडला किंवा कुणाचं काम सुटलं, तर त्याची बातमी कधी कधी आपल्याला रॅकवरूनच आधी कळते.

काही माणसं यात कुठेच बसत नाहीत. वय झालेलं कुणी हातातली वस्तू विसरून सरळ बाहेर चालू लागतं, हटकल्यावर आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नाही. तिथे घरच्यांना शोधा, बाकी काही नको. नशेच्या आहारी गेलेला माणूस वेगळा. त्याच्याशी एकट्याने वाद घालू नका. चोरल्याशिवाय राहवत नाही, हा आजार खरा आहे, पण दुर्मिळ आहे. प्रत्येकाला तो चिकटवू नका.

बोलायचं कधी, काय, कोणत्या आवाजात

वस्तू लपवताना दिसली की लगेच बोला. तोपर्यंत तो माणूस आपलं गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइकाशी बोलायला काही कारण लागत नाही. बोलणं मदतीचं असू द्या:

"काकू, हात भरलेत तुमचे, टोपली देऊ?"

"दादा, ते बिलात घ्यायचं ना? इकडे द्या, बाजूला काढून ठेवते."

"ताई, याच्यापेक्षा लहान पाकीटही आलंय, दाखवू का?"

तिसरं वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडतं. 'मी बघितलंय' हे त्यात कळतं आणि 'तुझी अडचण मला कळलीय' हेही कळतं. आरोप मात्र कुठेच नसतो. वस्तूबद्दल बोला, माणसाबद्दल बोलू नका. 'पिशवीत काय आहे?' हा प्रश्न विचारला की समोरच्याला खोटं बोलण्याशिवाय मार्ग उरत नाही आणि एकदा खोटं बोललं की मागे फिरणं त्यालाही जड जातं.

समोर उभं राहू नका, बाजूला राहा. त्याच्या आणि दाराच्या मध्ये तर कधीच जाऊ नका. अडकलेला माणूस धक्का देऊन पळतो आणि मग साबणाच्या वडीवरून कुणाचं तरी डोकं फुटतं. आवाज खाली ठेवा. रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं एकही वाक्य नको. शेजारच्या बाईने ऐकलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं. त्यानंतर ती व्यक्ती आपल्या दुकानात येत नाही, लांबच्या दुकानात जाते, आणि तिथे तिला कुणी टोपली देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोलून झालं की पाठ फिरवा. खरोखर फिरवा, दुसऱ्या रॅकवरचा माल सारखा करायला लागा. मिनिटभर त्या माणसाला एकटं सोडा. नंतर ती वस्तू भलत्याच जागी सापडते, वह्यांच्या गठ्ठ्यावर डायपर, झाडूंच्या मागे शाम्पू. ती उचलून जागेवर ठेवा आणि विषय संपवा. कुणाला सांगत बसू नका. नव्याने लागलेल्या मुलामुलींना हे जमायला वेळ लागतो, कारण 'पकडलं' म्हणवून घ्यायची हौस असते. त्यांना शेजारी उभं करून शिकवा.

मांडणीनेही बरंच काम होतं. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचं दुकान काढलं. त्याआधी काउंटरमागचा माणूस माल काढून द्यायचा. आज सगळं हाताच्या अंतरावर असतं, मोह होणार तिथेच होतो. सारख्या जाणाऱ्या वस्तू काउंटरवरून दिसतील अशा ठेवा, रॅकची उंची कमी करा, कोपऱ्यातला दिवा बदला. पण पॅड आणि बाळाचं दूध कुलपात घालू नका. कुलूप उघडून मागायला ज्यांना लाज वाटते, त्यांनाच या वस्तू सगळ्यात जास्त लागतात. त्याऐवजी रांगेत पुढे दोनच नग ठेवा आणि बाकी आत. अख्खी रांग उचलणाऱ्याचा फायदा बुडतो, एक घेणाऱ्याला मात्र एक मिळतो.

दार ओलांडलंच तर

अडवायचं असेल तर हे सगळं तुम्ही स्वतः बघितलेलं हवं: वस्तू रॅकवरून उचलली, लपवली, मध्ये कुठेही परत ठेवली नाही, पैसे न देता काउंटर ओलांडला. मध्ये एकदाही नजर तुटली असेल तर सोडून द्या. त्या अर्ध्या मिनिटात वस्तू रॅकवर परत गेलेली असू शकते, आणि निर्दोष माणसाला दारात अडवलं तर झालेली बेइज्जत कशानेच भरून निघत नाही. सहकाऱ्याने सांगितलं म्हणून अडवायचं नाही. मॉनिटरवर काहीतरी हललं म्हणूनही नाही.

मागे धावू नका. रस्त्यावर तर अजिबात नाही. माल मालकाचा आहे, हाडं आपली आहेत. अंगाला हात लावू नका, पिशवी ओढू नका, झडती घेऊ नका. गोदामात कोंडून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि तो आपल्या नावावर लागतो. भारतात पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच घ्यावी लागते. मग दुकानातल्या पोराने पर्स उपसणं कुठल्याही कायद्यात बसत नाही.

पोलिसांना बोलवायचं की नाही हे बहुतेक दुकानांत मालक ठरवतो. त्यांच्याशी याबद्दल आधीच, शांत वेळी बोलून ठेवा. बोलताना मला इंग्लंडमधली एक जुनी गोष्ट कामी येते. तिथे १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंग किंवा जास्त किमतीचा माल गुपचूप उचलणाऱ्याला फाशी होती. खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवायला साध्या नागरिकांची ज्युरी बसायची, त्या माणसांना ते सहन होत नसे. मग चोरीच्या मालाची किंमत ते मुद्दाम पाच शिलिंगांच्या खाली ठरवत. सॅम्युअल रोमिली या खासदाराने १८१० च्या दशकात ही शिक्षा काढून टाकायला पुन्हा पुन्हा विधेयकं मांडली. आपल्या दुकानातही असंच होतं. 'दिसला की पोलीस' एवढा एकच नियम असेल तर काउंटरवरची माणसं बघून न बघितल्यासारखं करतात, आणि मालकाला काहीच कळत नाही. मधल्या पायऱ्या असल्या तर आम्हीच येऊन सांगतो. वस्तू परत घेणं ही एक, समज देणं दुसरी, लेखी नोंद तिसरी.

कायदाही काही ठिकाणी ही मधली पायरी मानायला लागलाय. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१६ मध्ये एका बेघर माणसाची शिक्षा रद्द केली. तातडीची भूक भागवायला त्याने थोडंसं अन्न घेतलं होतं आणि तो गुन्हा ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हे निकाल सांगून कुणाला चोरी करायला मोकळीक द्यायची नाही. 'कायदा म्हणजे तुरुंगच' असं मालक म्हणतील तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

कारण सांगितलं तर ऐका

काही जण रडतात, काही जण भांडतात. भांडणारे जे बोलतात ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं: 'एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो', 'तुम्ही तरी कुठे सरळ भाव लावता', 'पोरासाठी केलं'. ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅटझा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच अशा समर्थनांची मांडणी केली होती: नुकसान झालंच नाही म्हणणं, समोरच्यालाच दोषी ठरवणं, आपल्या माणसांसाठी केलं म्हणणं. यावर वाद घालू नका. 'पोरासाठी' हे खरंही असतं. मी एवढंच सांगते की तूट निघाली की तिचा जाब आधी आम्हा काउंटरवाल्यांना विचारला जातो. हे शांतपणे सांगितलं की बरेच जण गप्प होतात. 'मोठं दुकान' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर आपण नसतो.

मग विचारा, "घरी काय अडचण आहे?" उत्तर मिळालं नाही तरी चालेल. उत्तर मिळालं तर काय करायचं हे मात्र आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर नुसती हळहळ होते. काउंटरच्या खणात एक कागद ठेवा: वस्तीत फुकट किंवा कमी पैशात धान्य, औषध, बाळाचं सामान कुठे मिळतं, कोणत्या दिवशी, कुणाला भेटायचं. दर दोन महिन्यांनी तपासा. बंद झालेल्या ठिकाणी नडलेल्या माणसाला पाठवणं फार वाईट.

आपल्या खिशातून पैसे भरायची सवय लावून घेऊ नका. मला तो मोह कळतो, आणि एखाद्या वेळी हात आपोआप जातोही. पण आपला पगारही मोजकाच असतो आणि ही गरज दर महिन्याला येणार असते. त्यापेक्षा मालकाकडून दुकानाचीच सोय मागून घ्या. मुदत जवळ आलेला माल निम्म्या किमतीत एका ठरलेल्या रॅकवर, रोज एका ठरलेल्या वेळी. सुटे पॅड, सुटे डायपर विकायची परवानगी, कारण पूर्ण पाकिटाचे पैसे एका वेळी जमत नाहीत म्हणून चोरी होते. ओळखीच्यांना लहान रकमेची उधारी, वरची मर्यादा ठरवून. ज्या गिऱ्हाइकांना जमतं त्यांनी एखादी वस्तू जास्तीची विकत घेऊन काउंटरवर ठेवायची, ज्याला हवी त्याने कुणाला काही न सांगता न्यायची. नेपल्समध्ये कॉफीबाबत हा प्रघात जुना आहे. फ्रान्समध्ये तर २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना उरलेलं खाण्यायोग्य अन्न देण्यासाठी संस्थांशी करार करावा लागतो. स्कॉटलंडमध्ये २०२१ चा कायदा ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला आणि पाळीसाठी लागणारं सामान ज्याला हवं त्याला फुकट मिळण्याची सोय झाली. सरकारं एवढं करू शकतात, तर एका दुकानाने सुटे पॅड ठेवणं अवघड नाही. मालकांशी बोलताना दयेची भाषा वापरू नका. रॅकची मोजणी दाखवा. सोय सुरू व्हायच्या आधीची आणि नंतरची.

मुलं

मुलाला पकडलं तर आधी खाली वाका, त्याच्या उंचीवर या. पोलिसांचं नाव घेऊन घाबरवू नका, कोपऱ्यात उभं करू नका. गंमत म्हणून उचललेलं, भुकेने उचललेलं आणि मोठ्या माणसाने सांगून पाठवलेलं, या तिन्ही गोष्टी पोराच्या तोंडून हळूहळूच बाहेर येतात. पालकांना सांगायच्या आधी एवढं विचारा की घरी कळलं तर काय होईल. ते पोर मार आठवून थरथरायला लागलं तर घरी नेऊन देणं हा उपाय नाही. शाळेतल्या शिक्षकांशी किंवा मुलांच्या हेल्पलाइनशी बोला. भारतात तो नंबर १०९८ आहे. तेच पोर रोज संध्याकाळी खाण्याच्याच रॅकपाशी घोटाळत असेल, तर प्रश्न दुकानाचा राहिलेला नसतो.

फोटो आणि नोंद

फुटेजमधला चेहरा कापून मोबाइलच्या ग्रुपवर 'चोर' म्हणून टाकू नका, दारावर चिकटवू नका. दुकानातल्या कुणी तसं करत असेल तर थांबवा. एका वस्तूसाठी त्या माणसाचं पुढचं कामही जाऊ शकतं, मग तो पुढच्या महिन्यात कुठून पैसे आणणार?

नोंद मात्र वहीत करा, त्याच दिवशी. तारीख, वेळ, वस्तू, नग, काय बघितलं, काय बोललात, वस्तू परत आली का. माणसाची जात, कपडे, 'असल्या लोकांचं' वगैरे काही लिहू नका. मोठी टोळी येऊन गेली असेल तर शेजारच्या दुकानांना वर्णन आणि पद्धत कळवा. ती वेगळी गोष्ट आहे.

ही वही आपल्यासाठीही असते. तूट निघाली की पगारातून कापायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. भारतात १९३६ च्या वेतन कायद्याने तसं सरसकट कापता येत नव्हतं: माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला हवा, नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं हवं, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यायला हवी. खुल्या रॅकवरचा माल अख्ख्या शिफ्टच्या ताब्यात असतो, एकट्या कुणाच्या नाही. कपात सांगितली तर तोंडी हो म्हणू नका. कशासाठी, किती आणि कुणाच्या चुकीने, हे लेखी मागा, आणि वहीतली त्या दिवसाची पानं पुढे ठेवा.